कॅनॉलवरचे सतरा पंक्चर

मी पुण्यात सायकल मेकॅनिक आहे आणि थंडीच्या दिवसांत शनिवार-रविवार एका टूरवाल्याकडे स्वीपचं काम करतो. स्वीप म्हणजे सगळ्यांच्या मागे राहायचं, जो थकेल त्याच्याशी गप्पा मारायच्या, जे मोडेल ते जोडायचं आणि केळी संपली की शिव्या खायच्या. सध्या ग्रॅव्हलचं, म्हणजे कच्च्या रस्त्यावर सायकल चालवायचं फॅड आहे. पुण्यातल्या माणसाला गाड्या नसलेला रस्ता पाहिजे आणि त्यासाठी तो पैसे मोजायला तयार आहे. आता आपल्याकडे ग्रॅव्हल म्हणजे मुरूम, आणि लांबच्या लांब सपाट मुरूम कुठे मिळेल तर कॅनॉलच्या भरावावर.

तर जानेवारीतला रविवार, नीरा ते बारामती, नीरा डाव्या कालव्याच्या कडेकडेने. सरांनी (आमचा टूरवाला, सगळे सर म्हणतात म्हणून मीपण) सॅटेलाइट नकाशावर बोट फिरवून रूट काढलेला. डांबरी रस्त्याने साधारण चाळीस किलोमीटर, पण कॅनॉलला उतार जपत टेकाडांना वळसे घालत जावं लागतं म्हणून आमचा आकडा बराच वाढला. कॅनॉलवर चढ नाही हे सगळ्यांना आवडतं, पण उतारही नाही, म्हणजे पायडल मारायचं थांबवून दोन मिनिटं बूड उचलायची सोय नाही, हे तीन-चार तासांनी कळतं.

निघताना माहिती सांगायचं कामही माझ्याकडेच. नीरा नदीचा भोरच्या डोंगरात उगम, नरसिंगपूरला भीमेत संगम, हा कॅनॉल 1880 च्या दशकातला ब्रिटिशांचा, वेळवंडीवरचं भाटघरचं आत्ताचं धरण 1928 चं, माउलींच्या पादुकांना नीरास्नान होतं ते इथंच. आठपैकी सहा जण फोटो काढत होते.

पहिले पंधरा किलोमीटर काय सांगू. शेतीला पाणी सोडायचं आवर्तन चालू होतं त्यामुळे पाणी काठोकाठ, एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला ऊस, कुठेतरी पाचट पेटवलेल्याचा धूर, मळीचा वास, पायऱ्यांवर धुणं धुणाऱ्या बायका आमच्या हेल्मेटांना हसतायत. गाडी एकही नाही. पलीकडे अर्ध्या किलोमीटरवर डांबरीवरून डबल ट्रॉलीवाले ट्रॅक्टर स्पीकर फुल करून चाललेले, गाणं इकडे ऐकू येत होतं, तेवढाच काय तो ट्रॅफिक.

मग एका मोरीजवळ रस्त्यावर आडव्या काट्या टाकलेल्या दिसल्या, वेड्या बाभळीच्या, चांगला कमरेएवढा ढीग. पुढच्या लोकांनी सायकली उचलून कडेने काढल्या आणि टांग मारून निघाले. मी मागून ओरडलो की थांबा, पुढे जमीन बघा, पण ते पोचलेले. वाऱ्याने आणि चाकांनी तुटक्या काटक्या पुढे पन्नास-साठ फूट पसरल्या होत्या आणि मुरमाच्या रंगात काटा दिसतच नाही.

पहिला पंक्चर झाला तेव्हा हसलो. दहा मिनिटांत सहा झाले. तासाभरात सतरा.

पाच जणांचे टायर ट्यूबलेस, त्यांना मी सांगितलं काटा उपटू नका, राहू दे आत, सीलंट (टायरच्या आतला भोक बुजवणारा चीक) त्याच्याभोवती बसेल. पण माणसाला काटा दिसला की हात जातोच. एका काकांनी सात उपटले, सातही भोकातून पांढरं फसफसलं, आणि मग कळलं की त्यांनी सीलंट मागच्या दिवाळीत भरलेलं, आत वाळून चिवट पापडी झालेली. उरलेले तिघे ट्यूबवाले. माझ्याकडे सहा ट्यूब, बारा पॅच आणि सोल्यूशनच्या दोन ट्यूबा. ट्यूब संपल्या, पॅच संपत आले, सोल्यूशनची एक ट्यूब पार वाळलेली निघाली. आणि खरी गोची वेगळीच. नवी ट्यूब टाकली की पाच मिनिटांत पुन्हा फुस्स, कारण काट्याचं टोक टायरच्या आतच मोडून बसलेलं. मी आतून बोट फिरवून शोधत होतो, दोन बोटांतून रक्त आलं, टोक सापडेना. बारामतीत जेवण सांगितलेलं एक वाजताचं आणि तिथेच साडेबारा.

तेवढ्यात समोरून टायरगाडी, म्हणजे टायरच्या चाकांची बैलगाडी आली, रिकामी, कारखान्यावर रात्रभर नंबर लावून, ऊस खाली करून परत फडाकडे चाललेली. बैल झोपेत चालावेत तसे चालत होते. गाडीवाले मामा उतरले, आमची जत्रा बघितली, मागे पोतं पांघरून झोपलेल्या मावशीपण उठल्या. बीडकडचे. मामांनी माझ्या हातातला टायर घेतला, खांद्यावरच्या उपरण्याचं टोक आत घातलं आणि गोल फिरवलं. एका जागी कापड अडकलं. तिथे नखाने बाहेरून ढकललं, टोक निघालं, तांदळाच्या कणीएवढं. परत फिरवलं, परत अडकलं. एका टायरमधून चार कण्या काढल्या. मी नऊ वर्षं हे काम करतो, दुकानात मला शिकाऊ पोरगा आहे, आणि मी बोटं फोडून घेत होतो.

मग बैठकच बसली. ट्यूब कॅनॉलच्या पाण्यात धरायची, बुडबुडा आला की खूण. त्यांच्या गाडीला डबा बांधलेला, त्यात कानस, जुन्या ट्रकच्या ट्यूबचा तुकडा आणि अर्धी सोल्यूशनची ट्यूब. रबर कातरायचं, कानशीने खरवडायचं, सोल्यूशन लावायचं. मी घाईने फुंकर मारली तर म्हणाले, "फुकू नको, तोंडाची वाफ बसती, आपोआप वाळू दे." थांबलो. ते ठिगळ सायकलच्या ट्यूबला फारच जाड, नंतर एका मॅडमचं चाक बारामतीपर्यंत दर फेऱ्याला टुक टुक करत होतं, पण हवा गेली नाही.

मावशी काकांना विचारत होत्या, "डांबरी सोडून इकडं कामून आलाव?" काका म्हणाले तिकडे गाड्या फार असतात, भीती वाटते. त्यावर मावशी म्हणाल्या, "आम्हीबी त्याच्याचपायी इकून चाललाव." रात्री डांबरीवर मागून लाइट मारत येणाऱ्या गाडीला बैल बुजतात, गाडीत दोन-अडीच टन ऊस, वर माणूस, मागे रिफ्लेक्टर असला तर असला. म्हणून जमेल तिथे ते कॅनॉल धरतात. काका एकदम गप्प झाले. आमच्या जाहिरातीत हेच लिहिलेलं असतं हो, नो ट्रॅफिक, त्याचे आम्ही माणशी अडीच हजार घेतो.

आणि काट्या? या उसाच्या बैलगाड्यांसाठीच टाकलेल्या. हे पाटकऱ्यांनी (कॅनॉलवर देखरेख करणारे) सांगितलं, ते मोटारसायकलवर आले आणि आधी सगळ्यांनाच झापलं. तुम्ही कोण, परवानगी कुणाची, हा तपासणीचा रस्ता आहे, गावचा रस्ता नाही. सरांना फोन लावला तर सर म्हणे नेटवर दिसतोय ना रस्ता, मग. मी फोन पाटकऱ्यांच्या हातात दिला नाही, बरं केलं. नंतर ते जरा निवळले. म्हणाले उसाच्या गाड्यांनी वरचा मुरूम सरकतो, चाकोऱ्या पडतात, खालची काळी माती उघडी होते, त्यात खेकड्यांची बिळं. खेकडे म्हटलं की लोक हसतात पण बिळातून पाणी लागलं की भराव सुटायला वेळ लागत नाही आणि खालच्या बाजूला ज्याचा ऊस आहे त्याच्या डोळ्याला झोप नाही. त्यातल्याच कुणीतरी काट्या टाकल्या असणार. मग मामांकडे बघून, "किती येळा सांगितलंय रे." मामा मान खाली घालून कानस पुसत होते. माझ्यासमोर सगळेच खरं बोलत होते आणि मी आपला पंप मारत होतो.

काट्या मात्र बाजूला झाल्या. पाटकरी, मामा आणि मी, तिघांनी मिळून टायरगाडीपुरती वाट केली, कारण बैल काही काट्यांवरून जाणार नव्हते. मामा पैसे घेईनात, म्हणून मी आमची चांगली सोल्यूशनची ट्यूब आणि उरलेली केळी त्यांच्या डब्यात टाकली. बैलांनी सालं खाल्ली.

आम्ही तिथून खाली डांबरीवर उतरलो आणि डबल ट्रॉल्यांच्या धुरळ्यात बारामती गाठली, पावणेचारला, जेवण गार. रूटच्या फाइलमध्ये मी त्या मोरीवर खूण करून "काट्या, इथून खाली उतरा" लिहिलं. सरांनी ते काढून "अडव्हेंचर सेक्शन" केलंय. आणि सोमवारी मेसेज आला, सामानात सोल्यूशनची एक ट्यूब कमी येतीये, बघून सांग.