सोमवारी रात्री आठला

मी इंग्लंडमधल्या लेस्टरमधून काउंटी क्रिकेटवर गप्पांचा इंटरनेट रेडिओ चालवते. साताऱ्याला गेले की काकांपासून शाळेतल्या मैत्रिणींपर्यंत सगळे एकच विचारतात, "अगं, ज्या मॅचला मैदानात माणसं नसतात, तिच्यावर काढलेला रेडिओ ऐकतं कोण?" इथे लेस्टरमध्ये कामावरचे लोकही हेच विचारतात, फक्त जरा आडवळणानं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून यावेळी नीट सांगते.

काउंटी चॅम्पियनशिप, म्हणजे तिथल्या काउंट्यांच्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांच्या) संघांची क्रिकेट स्पर्धा, १८९० पासून चालू आहे. १८ काउंट्या, वरच्या गटात १० आणि खालच्या गटात ८. एप्रिल ते सप्टेंबर प्रत्येकीचे १४ सामने, एकेक सामना चार दिवसांचा. अलीकडे बरेचसे सामने शुक्रवारी सुरू होऊन सोमवारी संपतात. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता पोटापाण्याला लागलेला माणूस मैदानात कसा येणार? तो येत नाही, पण मॅचही सोडत नाही. बीबीसी प्रत्येक सामन्याचं समालोचन इंटरनेटवर देते. ते कानात लावून कोणी ट्रक चालवतं, कोणी भिंती रंगवतं, कोणी आजारी आईशेजारी बसतं. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे जेवणाच्या सुट्टीत एका कानात इयरफोन घालून मी तीन हंगाम लेस्टरशायरचे, म्हणजे इथल्या काउंटीच्या संघाचे, सामने ऐकले. रिकाम्या खुर्च्या दाखवून "हे कुणालाच नको आहे" असं कोणी म्हणालं की मला मनापासून राग येतो. माणसं आहेत, ती दुसरीकडे आहेत एवढंच.

पण ऐकणारा माणूस एकटा असतो. हे मला लेस्टरशायरच्या ग्रेस रोड मैदानावर पहिल्यांदा गेले तेव्हा कळलं. एप्रिल महिना, अंगात दोन स्वेटर, मांडीवर शाल. शेजारी एक निवृत्त शिक्षक थर्मास घेऊन बसले होते. ओळखदेख नसताना ते गोलंदाजाकडे बघत म्हणाले, "याला आता दोन ओव्हर जास्त झाल्या." मी म्हटलं, वाऱ्याच्या दिशेनं टाकू दिलं तर अजून दोन टाकेल. झालं, चहापर्यंत आम्ही बोलत होतो. दोन चेंडूंच्या मधल्या वेळात काउंटी क्रिकेटचा अर्धा जीव असतो, आणि तो वेळ बोलण्यानं भरतो. आपल्याकडे कट्ट्यावर होतं तेच. समालोचन चेंडू घरपोच करतं, पण बाकावरचा शेजारी कुठून आणायचा? त्यातून कार्यक्रम निघाला. सोमवारी सामना संपला की रात्री आठला आम्ही दोघं, म्हणजे मी आणि ते शिक्षक, माईकसमोर बसतो आणि लोक फोन करतात.

सुरू कसं केलं तेही बरेच जण विचारतात. ब्रिटनमध्ये फक्त इंटरनेटवर चालणाऱ्या रेडिओला प्रसारणाचा परवाना लागत नाही. गाणी वाजवायची तर त्यांच्या हक्कांचे पैसे भरावे लागतात, म्हणून आम्ही गाणी ठेवलीच नाहीत. मैदानातून थेट समालोचन करायला हक्क लागतात, तेही आम्ही करत नाही. आमच्याकडे नुसत्या गप्पा. दोन माईक, एक लहान मिक्सर, जुना लॅपटॉप आणि खोलीत आवाज घुमू नये म्हणून खिडकीला टांगलेली रजई.

खरा घोळ फोनचा झाला. इंटरनेटवर आवाज ऐकणाऱ्यापर्यंत पोचायला अर्धा मिनिट लागतो. पहिल्या सोमवारी पहिलाच फोन लागला, त्या बाईंच्या स्वयंपाकघरात आमचाच कार्यक्रम मोठ्यानं चालू होता. त्या बोलल्या, थांबल्या, आणि अर्ध्या मिनिटानं त्यांचं स्वतःचं वाक्य त्यांना मागून ऐकू आलं. त्या दचकल्या आणि फोन ठेवून दिला. आता प्रत्येकाला जोडण्याआधी मी सांगते, "आधी तुमच्याकडचा आवाज बंद करा." मिक्सरची जोडणीही बदलली. फोन करणाऱ्याला आमचं सगळं ऐकू जातं, पण त्याचा स्वतःचा आवाज परत जात नाही. त्या बाई पुढच्या सोमवारी पुन्हा आल्या आणि वीस मिनिटं बोलल्या.

यूट्यूबवर का नाही? कारण आमच्या माणसांचे हात आणि डोळे कामात असतात. आणि आवाजात असं काही सापडतं जे चित्रात मला सापडलं नसतं. २०२३ ते २०२५ या हंगामांत चॅम्पियनशिपच्या काही फेऱ्यांत नेहमीच्या ड्यूक्स चेंडूऐवजी कुकाबुरा चेंडू वापरला. कुकाबुराची शिवण लवकर चेपते, चेंडू मऊ पडतो आणि धावांचे ढीग लागतात. त्यावर आमच्याकडे दोन सोमवार कडाक्याचा वाद झाला. दुसऱ्या सोमवारी क्लब क्रिकेटमधल्या एका अंपायरांनी फोन केला. म्हणाले, "बोलत नाही, ऐका." त्यांनी दोन्ही जातींचे वापरलेले चेंडू समोर ठेवले होते. पहिला टेबलावर आपटला: टक्. दुसरा आपटला: थप्. पुन्हा टक्, पुन्हा थप्. त्यानंतर त्या विषयावर कोणी बोललं नाही.

सगळ्यात मोलाचा फोन मात्र एका गुजराती आजोबांचा. १९७२ मध्ये युगांडातून भारतीय वंशाच्या हजारो कुटुंबांना हाकलून दिलं, त्यातली कितीतरी लेस्टरला आली. त्यातलंच यांचं एक. होजियरीच्या कारखान्यात रात्रपाळी करायचे आणि सकाळी झोपायच्या ऐवजी मैदानात जायचे. लेस्टरशायरनं पहिल्यांदा चॅम्पियनशिप जिंकली ती १९७५ मध्ये. शेवटचा सामना चेस्टरफील्डला, डर्बीशायरविरुद्ध. ख्रिस बाल्डरस्टोन दिवसअखेर ५१ वर नाबाद होता. त्याच संध्याकाळी तो गाडीतून डॉनकास्टरला गेला, तिथल्या संघाकडून ब्रेंटफर्डविरुद्ध फुटबॉलचा अख्खा सामना खेळला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत येऊन शतक पुरं केलं. वर तीन बळीही घेतले. हे पुस्तकांतही मिळतं. पण आजोबा म्हणाले, "मला पुस्तक नको होतं. पन्नास वर्षं मी हे सांगायला माणूस शोधत होतो. घरात कोणाला क्रिकेट आवडत नाही." त्यांना थांबवायचा प्रश्नच नव्हता. नऊला संपणारा कार्यक्रम त्या दिवशी साडेनऊपर्यंत चालला.

लेस्टरशायरच्या चाहत्यांना सोसायची सवय आहे. २०१२ ते २०१५ च्या दरम्यान या संघानं चॅम्पियनशिपचे सलग ३७ सामने एकही विजय न मिळवता काढले. त्या वर्षांत कार्यक्रम असायला हवा होता असं मला राहून राहून वाटतं. जिंकणाऱ्यांना गप्पांची जागा कुठेही मिळते. २००३ मध्ये खाली गेलेला संघ २०२५ मध्ये खालच्या गटात पहिला येऊन वर चढला, तेव्हा फोन इतके आले की आम्हाला बोलायला जागाच उरली नाही. बरं वाटलं.

आपल्याकडचा धागाही आहेच. गावसकर १९८० मध्ये सॉमरसेटकडून खेळले, शास्त्री ग्लॅमॉर्गनकडून, आणि १९९२ मध्ये यॉर्कशायरकडून पहिला परदेशी खेळाडू खेळला तो सचिन. २०२४ मध्ये अजिंक्य रहाणे लेस्टरला आला आणि त्या सोमवारी मी जन्मात पहिल्यांदा प्रसारणात मराठी बोलले. फोन डोंबिवलीचा होता, अजिंक्य जिथे वाढला तिथला. इथे रात्रीचे आठ, म्हणजे तिकडे साडेबारा. "ताई, घरातले झोपलेत, हळू बोलतो. तो ग्रेस रोडवर कुठल्या टोकाकडून खेळताना जास्त बरा वाटतो?" मी त्याचं बोलणं इंग्रजीत सांगितलं. शिक्षकांनी पॅव्हेलियनचं टोक, वारा, सगळं मन लावून समजावलं, मी ते मराठीत परत सांगितलं. दहा मिनिटं गेली. एकानंही कार्यक्रम सोडला नाही, ऐकणाऱ्यांचा आकडा माझ्यासमोरच होता.

हिवाळ्यात बंद ठेवायचं असं ठरवलं होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी पावणेआठला व्हॉट्सअ‍ॅपवर तीन निरोप आले, "आज आहे ना?" मी रजई परत खिडकीला टांगली आणि शिक्षकांना फोन केला. ते कोट घालून निघालेच होते.