लाईट जायच्या आत रीडर खाली करा

व्हीएम ३७० म्हणजे आयबीएमच्या जुन्या मेनफ्रेमची, म्हणजे मोठ्या थोरल्या कॉम्प्युटरची, ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्यावर नवीन माणूस सगळ्यात आधी अडतो तो इथंच, की बाहेरची फाईल आत आणायची कशी. पेन ड्राईव्ह नाही, कॉपी-पेस्ट नाही, डाउनलोडचं बटण तर विसराच. सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे कार्ड रीडर, भोकं पाडलेली कागदी कार्डं वाचणारं यंत्र, अन् तो रीडर खरा नाहीच.

मी हे सगळं गावातच, दारव्ह्याकडं, एका जुन्या डेस्कटॉपवर चालवतो. हर्क्युलिस नावाचा एमुलेटर आहे, रॉजर बोलर यांनी १९९९ मध्ये बाहेर आणला, तो आयबीएमचं अख्खं मेनफ्रेम सॉफ्टवेअरमधे उभं करतो अन् त्यावर १९७२ चं व्हीएम ३७० आरामात पळते, त्याचं रिलीज ६ फुकटात मिळते म्हणून कोणाची परवानगी घ्यायला जायचं काम नाही. आमचा भाचा अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत आला की माझ्या बाजूला खुर्ची ओढून बसतो अन् प्रश्न विचारून विचारून डोकं खातो, तर त्याला जे सांगितलं तेच इथं लिहून टाकतो.

व्हीएमची गंमत अशी की प्रत्येक यूजरला वाटते आपल्याला स्वतंत्र मशीन मिळाली. त्याचा कन्सोल, त्याची डिस्क १९१ नंबरची, ००सी वर रीडर, ००डी वर पंच म्हणजे कार्डांना भोकं पाडणारा, ००ई वर प्रिंटर. यातलं डिस्क सोडलं तर बाकी हवेतलंच. रीडरमधे जे पडते ते सीपी नावाचा कंट्रोल प्रोग्रॅम स्पूलच्या जागेत, म्हणजे रांगेतल्या फाईलींसाठी राखलेल्या जागेत, साठवून ठेवतो अन् तुम्ही वाचाल तेव्हा एकेक कार्ड करून देतो. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या गेटवर गाड्यांची लाईन लागते ना, समोरची गाडी खाली झाली की मागची पुढं, तसंच हे. गाडी खाली केली म्हणजे ती लाईनमधे राहत नाही, अन् ज्याचा माल आज घेणार नाही त्याची गाडी तशीच बाजूला उभी. हे दोन्ही मुद्दे खाली कामी येतील.

आता फाईल आत कशी पडते ते. हर्क्युलिसच्या कॉन्फिगमधे ००सी वर ३५०५ मॉडेलचा रीडर लावलेला असतो, त्याला आपल्या विंडोज किंवा लिनक्सवरची टेक्स्ट फाईल दाखवायची. पण फाईलच्या पहिल्या ओळीत यूजरआयडी हा शब्द, पुढं ज्याला द्यायची त्याचं नाव, पुढं नेम अन् फाईलचं नाव, एवढं पाहिजेच. कारण हर्क्युलिसनं लावलेला हा रीडर अख्ख्या मशीनला एकच आहे अन् यूजर कितीतरी, सीपीला कसं कळावं ही गड्डी कोणाची. ती ओळ नसली तर आयडी कार्ड नाही म्हणून ऑपरेटरच्या कन्सोलवर बोंब होते अन् फाईल कोणाच्याच पदरात पडत नाही. हे अस्सल कार्डांच्या काळातलंच आहे, तेव्हा ऑपरेटर गड्डीच्या वर ते कार्ड ठेवायचा.

बरोबर गेलं असलं तर लॉगऑन करताच दिसते, फाईल्स, ००१ आरडीआर, प्रिंटर नाही, पंच नाही. मग क्वेरी रीडर ऑल मारायचं. एका ओळीत सगळी कुंडली येते, कोणाकडून आली, नंबर काय, क्लास म्हणजे फाईलीवरचं एका अक्षराचं लेबल काय, किती रेकॉर्ड, होल्डवर आहे का, तारीख, टाईम, नाव. ही ओळ नीट वाचायची सवय लावा, लोक वाचत नाहीत अन् मग अर्धा तास घालवतात. सगळं ठीक असलं तर रीडकार्ड, पुढं नाव, पुढं टाईप, पुढं ए, म्हणजे तीच १९१ ची डिस्क. झालं, डिस्कवर आली. त्याच नावाची फाईल आधीच ए डिस्कवर असली तर ती जाते, विचारत बिचारत नाही, म्हणून नवीन नाव देत जा.

भाचा परवा ओरडला, "मामा, क्वेरीत फाईल दिसून राह्यली अन् रीडकार्ड म्हन्ते रीडर खाली हाय! हे काय व्हय?"

मी म्हटलं, "क्लास पाय बरं."

फाईल होती बी क्लासची अन् त्याचा रीडर लावलेला ए वर. म्हणजे गाडी गेटवर उभी आहे पण आज त्या मालाची खरेदी नाही. स्पूल रीडर क्लास स्टार मारलं की कोणताही क्लास चालते, फाईल लगेच आली. क्लास जुळत असून पण असंच होत असलं तर होल्डचा कॉलम पाहा, फाईल होल्डवर असली तरी रीडर तिला ओलांडून पुढं जातो, तिथं चेंज रीडर, फाईलचा नंबर अन् नोहोल्ड. मागची फाईल पुढं पाहिजे असली तर ऑर्डर रीडर. माझ्या मते रीडरच्या निम्म्या तक्रारी ह्या दोन कॉलममधेच मिटतात.

अन् वाचली की गेली. रीडकार्ड झालं की ती फाईल स्पूलमधून पुसल्या जाते. कागदाचं कार्ड तरी ट्रेमधे उरायचं, याचं काही उरत नाही. चाचणी करून पाहायची असली तर आधी स्पूल रीडर होल्ड करून ठेवा म्हणजे वाचल्यावर पण लाईनमधे राहते, काम झालं की पर्ज करा, म्हणजे पुसून टाका.

आता लाईटीचं. आमच्याकडं लाईट सांगून जात नाही, यूपीएसच्या बॅटरीनं कधीचाच जीव सोडला. अशी मशीन धाडकन बंद पडली की पुढच्या वेळी व्हीएम उठताना सीपी विचारते, स्टार्ट कसा करू, वॉर्म, चेकपॉइंट, फोर्स की कोल्ड. वॉर्म नीट शटडाऊन केला असला तरच, कारण त्याला लागणारी माहिती शटडाऊनच्या वेळी लिहिल्या जाते. लाईट गेल्यावर चेकपॉइंट द्यायचं, त्यानंही नाही झालं तर फोर्स. नवीन पोरं घाई घाईत कोल्ड देतात कारण तो हमखास उठतो, अन् कोल्ड म्हणजे स्पूल सफाचट, सगळ्या यूजरच्या रीडरमधल्या फाईली एका झटक्यात गेल्या. ए डिस्कवर काढून ठेवलेल्या फाईली मात्र जागेवर. म्हणून मी सकाळी पहिलं काम हेच करतो, क्वेरी, रीडकार्ड, रीडर रिकामा, मग चहा. रीडर गोदाम नाही, तिथं आठवडा आठवडा माल ठेवणाऱ्याला मी तरी समजावत बसत नाही.

एक अडचण ८० ची. आयबीएमनं ८० कॉलमचं कार्ड १९२८ मध्ये आणलं अन् तेव्हापासून आजपर्यंत ते ८० काही मान सोडत नाही. तुमच्या फाईलमधे १०० अक्षरांची ओळ असली तर कॉन्फिगमधे ट्रंक लिहिलेलं असताना शेवटची २० गुपचूप कापल्या जातात, अन् ट्रंक नसलं तर रीडर एरर देते. मला विचाराल तर एररच बरी, निदान कळते तरी. छोट्या ओळीच्या मागं रिकाम्या जागा भरून ८० केल्या जातात, त्या नको असल्या तर नंतर कॉपीफाईलमधे रेकएफएम व्ही अन् ट्रंक द्यायचं. शिवाय अक्षरं साठवायचे कोड वेगळे, आतलं जग एब्सिडिकचं, आपलं बाहेरचं आस्कीचं, चौकोनी कंस अन् उभी रेघ हमखास बदलून बसतात, सी चा प्रोग्रॅम आणत असाल तर आधी तेच पाहा. देवनागरीत गावाचं नाव लिहून टाकाल तर आत नुसता कचरा दिसेल, भाच्यानं हौसेनं करून पाहिलं अन् "मामा, हे तं चायनीज झालं" म्हणून हसत सुटला.

दुसऱ्या यूजरनं फाईल पाठवली तर थोडं वेगळं. त्यानं साध्या पंचनं पाठवली असली तर वर रीडचं हेडर कार्ड असते, मग रीडकार्ड स्टार केलं की नाव आपोआप मिळते. पण त्यानं डिस्क डम्पनं पाठवली असली तर रीडकार्ड करू नका, अगडबगड ओळी येतात, तिथं डिस्क लोड लागते. लांब ओळींच्या फाईलींसाठी डम्पच बरा, तो कार्डांमधे तुकडे करून नेतो अन् दुसऱ्या बाजूला जशीच्या तशी जोडतो.

अन् अनोळखी माणसाकडून रीडरमधे आलेली एक्झेक, म्हणजे कमांडांची चालवायची फाईल, डिस्कवर घेऊन लगेच चालवू नका. १९८७ च्या डिसेंबरात ख्रिसमा एक्झेक अशीच पसरली होती. पश्चिम जर्मनीतल्या क्लाउस्थालच्या विद्यार्थ्यानं सोडलेली, लोकांनी रीडरमधून घेतली, चालवली, स्क्रीनवर ख्रिसमसचं झाड आलं अन् मागच्या मागं तिनं त्यांच्या यादीतल्या सगळ्यांच्या रीडरमधे स्वतःची कॉपी टाकली, आयबीएमचं आतलं नेटवर्क सुद्धा जाम झालं.

हा रीडर मेला असं वाटत असलं तर तसं काही नाही. झेड व्हीएम म्हणजे ह्याच व्हीएमचा आजचा अवतार, त्यावर लिनक्स टाकतात तेव्हा कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, पॅरामीटरची फाईल अन् इनिटआरडी म्हणजे उठताना लागणाऱ्या फाईलींचा गठ्ठा, ह्या तिन्ही ८० च्या रेकॉर्डमधे रीडरमधे पंच करतात, ह्याच क्रमानं, अन् मग आयपीएल ००सी, म्हणजे रीडरवरूनच सिस्टीम चालू करायची. म्हणजे लिनक्स चक्क कार्डांवरून उठते. हे सांगितल्यावर भाचा लय वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मामा, आपल्या मशीनवर नाई का चालनार ते?" नाही चालणार, त्याला नवीन मशीन लागते, आपलं व्हीएम सत्तरच्या दशकातलं. पण क्रम चुकला तर काय होते ते त्याला व्हीएम ३७० वरच ऑर्डर रीडर मारून दाखवलं, अन् मग दोघं पंचकडं वळलो, कारण आतली फाईल बाहेर काढायची म्हणजे तिकडूनच जावं लागते.