तुम्ही विचारलंत म्हणून: साध्या धनुष्यानं केप बफेलो मरतो का?

लाँगबो किंवा रिकर्व्ह वापरणारे लोक हा प्रश्न हमखास विचारतात. कप्प्या नाहीत, नेम धरायची साइट नाही, असं साधं धनुष्य घेऊन आफ्रिकेतला केप बफेलो मारता येतो का? आणि त्यासाठी किती पाउंडाचं, म्हणजे ओढायला किती जोर लागणारं, धनुष्य लागतं?

मारता येतो. पण दुसरा प्रश्न उलट्या टोकानं सुरू होतो. आधी बाण ठरवायचा, मग तो नीट फेकेल असं धनुष्य शोधायचं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण आपल्याकडे नावांची गल्लत फार होते. सह्याद्रीत दिसतो तो गवा, म्हणजे गाय-बैलांच्या कुळातला. गडचिरोलीच्या कोलामार्का भागात किंवा काझीरंग्यात आहे ती रानम्हैस. दोघांनाही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पहिल्या अनुसूचीत पूर्ण संरक्षण दिलं आहे, आणि ते तसंच राहायला हवं. केप बफेलो या दोघांहून वेगळा प्राणी आहे. तो कधीच माणसाळला नाही, त्याचं घर आफ्रिका. केनियात १९७७पासून शिकारबंदी आहे. दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, मोझांबिक इथे परवान्यावर शिकार होते. परवान्यात धनुष्याची किमान ओढ, बाणाचं वजन किंवा ऊर्जा यांची अट असू शकते आणि साधं धनुष्य ऊर्जेच्या अटीत सहज नापास होतं. म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी ती अट वाचा. पुढचं सगळं तिथल्या शिकारीबद्दल आहे.

ऊर्जा इतकी कमी का, ते आकड्यांत पाहा. अशा शिकारीला बऱ्याच देशांत .३७५ (गोळीचा व्यास, इंचांत) ही किमान रायफल मानतात. तिची ३०० ग्रेनची गोळी सुमारे ५,७०० ज्यूल ऊर्जा घेऊन निघते. ७० पाउंडाच्या चांगल्या लाँगबोमधून ८५० ग्रेनचा, म्हणजे ५५ ग्रॅमचा बाण सेकंदाला साधारण ४८ मीटरनं सुटतो. त्याची ऊर्जा ६३ ज्यूल भरते, गोळीच्या नव्वदाव्या भागाइतकी. सातशे किलोच्या नराला अशा बाणाचा धक्काही जाणवत नाही. बाण कापतो, एवढंच त्याचं काम. दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला तर रक्त वाहतं, छातीत हवा शिरून फुप्फुसं मिटतात आणि प्राणी मिनिटभरात कोसळू शकतो. एकाच फुप्फुसात अडकला, तर तोच नर तासन्‌तास उभा राहतो आणि चिडलेला असतो.

इथे कुणीतरी सान लोकांचं नाव काढतं. ते तर अगदी लहान धनुष्यानं मोठी जनावरं मारतात ना? मारतात, पण विषानं. कलहारीतले सान एका भुंग्याच्या अळीचं विष बाणाला लावतात. केनियातले वाता लोक हत्तीच्या शिकारीसाठी खूप जड ओढीची धनुष्यं वापरत आणि बाणावर अकोकॅन्थेरा झाडाचं, हृदय बंद पाडणारं विष लावत. त्यांचं माग काढण्याचं ज्ञान अफाट होतं. पण विष वगळून त्यांच्या धनुष्याशी आपली तुलना करणं चूक आहे.

आता बाण. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक शिकारी इथेच फसतात.

पहिली अट म्हणजे बाण मोडता कामा नये. पातं वाकलं, दांडा पात्यामागे तुटला किंवा पात्याचा खोबणीचा भाग आत ढकलला गेला, तर बाकीचं सगळं गणित वाया जातं. मिटलेली पाती आदळल्यावर उघडणारे मेकॅनिकल ब्रॉडहेड इथे नकोतच. त्यांची काही ऊर्जा उघडण्यातच जाते आणि बारीक पाती बरगडीवर वाकतात. अखंड पोलादाचं, दोन धारांचं, लांबट पातं घ्या, ज्याची लांबी रुंदीच्या तिप्पट असेल. पोलाद फार कडक असेल तर टोक तुटतं, मऊ असेल तर मुडपतं. रॉकवेल (पोलादाच्या कडकपणाचं माप) ५२ ते ५६ हा पट्टा योग्य. टोक सुईसारखं नको, किंचित छिन्नीसारखं बोथटलेलं हवं. सुईटोक हाडावर वळून गुंडाळतं.

धार एकाच बाजूनं काढलेली, म्हणजे सिंगल बेव्हल असावी. अशी धार मांसातून जाताना बाणाला फिरवत नेते, आणि हाडात शिरल्यावर त्याच पिळामुळे हाड तडकतं. मात्र पिसांचा पीळ आणि धारेचा पीळ एकाच दिशेचा हवा. उजव्या धारेला उजव्या पंखाची पिसं. उलटी लावली तर हवेत एका दिशेनं फिरणारा बाण आत शिरताच थांबून उलटा फिरू पाहतो, आणि तिथेच त्याचा जोर संपतो. ही चूक फार सामान्य आहे, कारण पाती आणि पिसं वेगवेगळ्या दुकानांतून येतात.

वजनाबद्दल डॉ. एड अॅशबी या धनुर्धारी शिकाऱ्याचं काम वाचण्यासारखं आहे. १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात आणि नंतर ऑस्ट्रेलियातल्या रानटी म्हशींवर त्यांनी बाण किती खोल जातो याच्या शिस्तीत नोंदी ठेवल्या. (ऑस्ट्रेलियातल्या या म्हशी आपल्याच गोठ्यातल्या म्हशीच्या जातीच्या. एकोणिसाव्या शतकात तिथे नेल्या, मग मोकाट सुटल्या.) जाड हाड भेदायचं तर ६५० ग्रेनच्या खाली बाणाची खात्री उरत नाही, हे त्यांचं निरीक्षण प्रसिद्ध आहे. केप बफेलोसाठी मी ६५० हा तळ धरतो आणि ८०० ते ९००वर थांबतो.

एक जुळणी देतो. ७६ सेंटिमीटरचा जाड भिंतीचा कार्बन दांडा ३८० ग्रेन, आत पातं बसवायचा पोलादी इन्सर्ट १००, पातं ३००, दांड्याच्या तोंडाला बाहेरून पोलादी कडं २५, पिसं आणि दोरीवर बसणारी खाच मिळून ४५. एकूण ८५०. आता हा बाण बोटावर तोला. खाचेपासून सुमारे ५६ सेंटिमीटरवर तो समतोल राहील. मध्यबिंदू ३८वर, म्हणजे तोल १८ सेंटिमीटर पुढे, लांबीच्या साधारण २४ टक्के. वजन पुढे असल्यानं पातं रोखलं गेलं तरी मागचा दांडा कमी लवचतो आणि जोर सरळ रेषेत लागतो. पात्याचं खोबण दांड्यापेक्षा किंचित जाड असावं. दांडा जाड असला तर तो जखमेच्या कडांना घासत जातो आणि खोली घटते.

पुढे इतकं वजन घातलं की दांडा नरम वागतो, म्हणून आधीपेक्षा ताठ दांडा लागतो. तपासायचं असं: पिसं नसलेला आणि पिसं असलेला, असे सारख्या वजनाचे दोन बाण १५-१८ मीटरवरून मारा. उजव्या हातानं ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण डावीकडे गेला तर दांडा ताठ आहे, उजवीकडे गेला तर नरम. दोन्ही एका ठिकाणी लागेपर्यंत वजन आणि लांबी बदला, आणि शेवटी खऱ्या पात्यानं पुन्हा तपासा. वाकडा उडणारा बाण हाडावर आडवा आदळतो. मग त्याचं वजन कितीही असो.

धार निसण्यावर लावून चामड्याच्या पट्ट्यावर घासा. हाताचे केस साफ निघायला हवेत. खरबरीत धार शिरा फाडते, आणि फाटलेल्या शिरेत रक्त लवकर गोठतं. स्वच्छ कापलेली शीर वाहत राहते. भात्यातून काढ-घाल करतानाही धार जाते, म्हणून रोज सकाळी पुन्हा तपासा.

धनुष्याचं थोडक्यात सांगतो. ७० पाउंड ओढ बरी, ६५ला बाण अचूक असेल तर चालतं. ८०चं धनुष्य घेऊन हात थरथरत असेल तर ते घरी ठेवा. मोजमाप तुमच्या स्वतःच्या ओढीच्या लांबीवर करा. धनुष्यावर लिहिलेला आकडा २८ इंचांचा असतो. तुम्ही २६ इंच ओढत असाल तर पाच-सहा पाउंड तिथेच गेले.

आता जनावर. हरणाच्या शिकारीची सवय असलेला माणूस इथे उंच आणि मागे मारतो. केप बफेलोचं काळीज, म्हणजे हृदय, छातीत खूप खाली, पुढच्या पायांच्या मधे असतं. खांद्यावरचा उंच भाग पाहून छाती तिथवर आहे असं वाटतं, पण तिथे मणक्यांचे उभे काटे आणि मांस आहे. तिथला बाण नुसता चिडवतो. पुढच्या बरगड्या रुंद, चपट्या, एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या असतात, म्हणून दोन बरगड्यांच्या फटीतून बाण जाईल ही आशा धरू नये. बरगडी कापूनच जावं लागतं.

नर पूर्ण आडवा किंवा किंचित पलीकडे वळलेला हवा, आणि आपल्या बाजूचा पुढचा पाय एक पाऊल पुढे. पाय पुढे गेला की कोपराचं जाड हाड सरकतं आणि फऱ्याच्या मागचा भाग मोकळा होतो. छातीच्या तळापासून एक तृतीयांश उंचीवर, पायाच्या मागच्या घडीत नेम. फार वळलेला नर सोडून द्या, विशेषतः डावी बाजू दिसत असेल तर. रवंथ करणाऱ्या जनावराची ओझरी डावीकडे असते, आणि ओल्या गवतानं भरलेली ओझरी बाणाला फुप्फुसापर्यंत पोचूच देत नाही. समोरून तोंड करून उभ्या नरावर साध्या धनुष्यानं बाण सोडूच नये. एक गोष्ट नेहमी विसरली जाते: मागे दुसरं जनावर उभं आहे का ते पाहा. कळपात आरपार गेलेला बाण दुसऱ्याला लागतो.

अंतर १८ मीटर, त्याच्या आत जितकं जमेल तितकं. आडवा सुटलेला हा बाण १८ मीटरवर सुमारे ७० सेंटिमीटर खाली येतो, २८ मीटरवर दीड मीटरहून जास्त. म्हणजे अंतर ओळखण्यात दोन-तीन मीटरची चूक झाली तरी नेम काळजावरून ढळतो. शिवाय बाणाला तिथवर जायला सेकंदाच्या तिसऱ्या भागाहून जास्त वेळ लागतो आणि दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोचतो. दोरीवर लोकरीचे गोंडे बांधा. जड बाणानं आवाज मुळातच कमी होतो.

इतक्या जवळ जायला कळपापेक्षा दोन-चारच्या टोळीत राहणारे म्हातारे नर बरे. अंगभर चिखल माखलेल्या या नरांना तिथले शिकारी ‘डागा बॉय’ म्हणतात. डोळे आणि नाकं कमी, शिवाय कळपाच्या वंशवाढीत त्यांचा वाटा संपत आलेला असतो. वाऱ्यासाठी राखेची पुरचुंडी हातात ठेवा आणि सतत झटका. दुपारी वारा गरगरतो, तेव्हा माघार घ्या. पाठीवरचे गोचीड वेचणारे पक्षी ओरडत उडाले, तर समजा की तुम्ही दिसलात.

सोबत जड रायफल घेतलेला व्यावसायिक शिकारी असतोच. त्यानं गोळी कधी झाडायची हे आदल्या दिवशी स्पष्ट ठरवा: नर अंगावर आला तर, की बाण चुकीचा लागलेला दिसताच? माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. जखमी नर झाडीत शिरला की धोका त्याचा माग काढणाऱ्या स्थानिक माणसाला सर्वांत आधी असतो. आपल्या हौसेसाठी त्याला त्यात ढकलणं योग्य नाही.

बाण लागल्यावर हलू नका, ऐका. बऱ्याचदा शंभर-दीडशे मीटरवर पडल्याचा आवाज आणि मग लांब हंबरडा ऐकू येतो. नाही आला तरी चांगल्या बाणानंतर अर्धा तास थांबा. रक्त लालभडक आणि फेसाळ असेल तर फुप्फुस. काळपट असेल तर यकृत. मग तास-दोन तास द्या. हिरवट चोथा दिसला तर ओझरी, आणि तिथून पुढचं काम रायफलवाल्याचं. जखमी नर मागावर वळून बाजूच्या झाडीत वाट पाहतो, म्हणून एकानं जमिनीकडे आणि बाकीच्यांनी फक्त पुढे आणि बाजूंना पाहायचं.

पडलेला दिसला तरी मागून जा आणि दुरूनच आणखी एक बाण छातीत सोडा. मग लांब काठीनं उघड्या डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली तर मागे सरका आणि गोळी झाडायला सांगा.