गोळी सोडली ते तांबी बसवली, मधले चार महिने (माझा अनुभव)

मी डिचोलीची, नोकरी पणजीत, म्हणजे रोजचे दोन-अडीच तास कदंबमध्ये (गोव्याच्या सरकारी बसमध्ये) जातात आणि ह्या सगळ्याची सुरुवात पण कदंबमध्येच झाली. धाकटी दोन वर्षांची झाली होती, तिचं दूध तोडून बरेच महिने झालेले आणि मी गर्भनिरोधक गोळ्या चालू करून सातेक महिने. पर्वरीला बस नेहमीसारखी अडकली होती आणि माहेरच्या ग्रुपवर एक ऑडिओ आला. कोणी तरी बाई सांगत होती की ह्या गोळ्यांनी पायात रक्ताची गुठळी होते, ती फुप्फुसात जाते, माणूस जागच्या जागी जातं, आजच बंद करा. मी पर्समधून स्ट्रिप काढली, त्यावरचं ड्रॉस्पिरेनोन नाव मोबाइलवर टाकलं आणि पहिल्याच ओळीत "दुप्पट धोका" असं काहीतरी दिसलं. कशाच्या दुप्पट, ते वाचायला मी थांबलेच नाही. त्या रात्री अकरावी गोळी होती, ती घेतलीच नाही.

तिसऱ्या दिवशी रक्तस्राव सुरू, मला वाटलं आता गुठळीच असणार. नवरा म्हणाला बरं केलंस सोडलीस ते, आणि मग त्याने काय वापरायचं हा विषय आम्ही दोघांनी मिळून टाळला. पुढे निरोध आणले, एकदा तो फाटला, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यालाच फार्मसीत पाठवून ती 72 तासांतली गोळी आणवली (ती घेताना गुठळीबिठळी काही आठवलं नाही हं मला), आणि त्या महिन्यात पाळी नऊ दिवस लांबली. ऑफिसच्या टॉयलेटमध्ये किट घेऊन बसले होते, बाहेर कोणीतरी दार वाजवतंय, आणि मी त्या एका रेघेकडे बघत दुसरी उमटतेय की काय म्हणून पाच मिनिटं श्वास धरून. नाही उमटली.

सासूबाईंचं मत ठरलेलं. "दोन झाली ना, मग ऑपरेशन करून टाक, आम्ही काय केलं?" त्यांचं पण खोटं नाही, आपल्या देशात आजही सगळ्यात जास्त चालते ती पद्धत बायकांचं ऑपरेशनच. पण मी 31 ची, मला इतक्यात कायमचं काही करून टाकायचं नव्हतं.

शेवटी एका शनिवारी सरकारी आरोग्य केंद्रात गेले. केसपेपर काढला, दीड तास बाकावर. आतल्या डॉक्टर मॅडमनी आधी बीपी घेतला, आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं की ज्या खाजगी दवाखान्यात मला गोळ्या लिहून दिल्या तिथे बीपी घेतलाच नव्हता. "ही घ्या, स्किनला पण चांगली" एवढंच बोलणं झालं होतं. मॅडम विचारत गेल्या, सिगारेट, घरात कोणाला गुठळी, लकवा, हार्टचं काही, मी सगळ्याला नाही नाही म्हणत होते.

"डोकं दुखतं?"

"हो, अर्धशिशी आहे कॉलेजपासून."

"दुखायच्या आधी डोळ्यांसमोर काही दिसतं का?"

आता हे मला आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं की कधी कधी स्क्रीनवरचे आकडे मधूनच गायब होतात, म्हणजे 4527 मधला 52 दिसतच नाही, मग कडेला करवतीच्या दातांसारखी एक चमचमणारी रेघ येते, ती वीसेक मिनिटं मोठी होत होत बाहेर सरकते आणि मग डोकं सुरू. मला वाटायचं चष्म्याचा नंबर, दोनदा काच बदलून झाली. आणि गोळ्या चालू केल्यापासून हे महिन्याला तीन-चारदा होत होतं, आधी वर्षातून तेवढं व्हायचं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या ह्याला ऑरा म्हणतात, आणि ज्यांना असं होतं त्यांना इस्ट्रोजेन हे हार्मोन असलेली गोळी द्यायचीच नसते, कुठलीच, महागडी नाही नि माला-डी पण नाही, कारण मेंदूत स्ट्रोकचा धोका वाढतो. डब्ल्यूएचओच्या यादीत हे सरळ "वापरू नये" मध्ये आहे.

मी म्हटलं म्हणजे तो ऑडिओ बरोबर होता की. तर म्हणाल्या नाही, गोळी सोडलीत ते बरंच झालं, पण कारण चुकलं. मग त्यांनी केसपेपरच्या मागे आकडे लिहून दिले. गोळी न घेणाऱ्या 10,000 बायकांत वर्षाला साधारण 2 जणींना गुठळी होते. माला-डीसारख्या जुन्या लेव्होनॉरजेस्ट्रेलवाल्या गोळीवर 5 ते 7, माझ्यावाल्या गोळीवर 9 ते 12. म्हणजे "दुप्पट" खरं, पण किती लहान आकड्याचं दुप्पट ते बघायचं. आणि गरोदरपणात, खास करून बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत, हाच धोका ह्या सगळ्यांपेक्षा जास्त. म्हणजे मी गुठळीच्या भीतीने गोळी सोडून जिथे जवळजवळ पोचले होते तिथेच गुठळीची भीती मोठी! 1995 मध्ये ब्रिटनमध्ये पण हेच झालं म्हणे, सरकारने काही नव्या गोळ्यांबद्दल असाच दुप्पटचा इशारा दिला, बायकांनी पटापट गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी गर्भपात हजारोंनी वाढले.

मग पर्याय. वहिनी अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेते, दर तीन महिन्यांनी, तिला ते सोयीचं पडतं, घरात कोणाला कळत पण नाही. पण मार्च 2024 मध्ये फ्रान्सचा एक अभ्यास आला की हे इंजेक्शन वर्षाहून जास्त घेतलेल्या बायकांत मेंदूच्या आवरणाची गाठ होण्याचं प्रमाण पाच पटींहून जास्त दिसलं. मॅडम म्हणाल्या ही गाठ मुळात फार कमी जणींना होते आणि बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, वहिनीला सांगा येऊन भेटायला, पण पुढचं इंजेक्शन मनाने चुकवू नका म्हणावं. छाया गोळीबद्दल मी विचारलं, लखनौच्या संशोधन संस्थेत शोधलेली, तिच्यात हार्मोन नाही, आधी तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. पण मी गॅस सिलिंडर बुक करायचा विसरते, आठवड्याची गोळी काय लक्षात ठेवणार. उरली तांबी.

तांबीचं नाव काढल्यावर घरी हाहाकार. ती वर चढते, काळजाला जाऊन लागते, शेजारच्या मावशींच्या कोणाच्या तरी जावेला झालं होतं. हे मी मॅडमना जाऊन सांगितलं तर हसल्या नाहीत, परत चित्र काढलं. क्वचित, म्हणजे हजारात एखादीला, बसवताना गर्भाशयाला छिद्र पडू शकतं आणि मग ती पोटात सरकू शकते, म्हणूनच नंतर तपासायचं असतं. पण काळजापर्यंत रस्ताच नाही. आणि वीसात एखादीची आपोआप बाहेर पडते, ते पण सांगितलं. मला हे आवडलं, कोणीतरी वाईट बाजू पण आकड्यात सांगतंय.

पाळीच्या चौथ्या दिवशी बसवली. दुखतं, खोटं कशाला बोलू. आधी आतून तपासलं, मग सिस्टर म्हणाली "खोका", मी खोकले आणि त्याच क्षणी चिमटा बसला, मग लांबी मोजली तेव्हा एक कळ, बसवताना दुसरी, आणि दोरा कापल्याचा बारीक आवाज. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. अर्धा तास पडून राहिले, घाम आला होता, सिस्टरने गोड चहा दिला. हातात एक कार्ड दिलं, त्यावर तांबीचा प्रकार 380-ए आणि ती काढायची दहा वर्षांनंतरची तारीख घातलेली, तेव्हा थोरला कॉलेजात असेल. पुढचे तीन महिने पाळी बेक्कार गेली, सात-सात दिवस, हिमोग्लोबिन 10.8 वर आलं, लोहाच्या गोळ्या चालू केल्या. आता बरं आहे. ती करवतीची रेघ गोळी सोडल्यापासून एकदाच आली.

एक काम मॅडमच्या सांगण्यावरून केलं, औषधाचा त्रास कळवायचा जो सरकारी फॉर्म असतो तो भरला. पेशंट स्वतः भरू शकतो, 1800-180-3024 हा फुकटचा नंबर आहे. त्या पहिल्या डॉक्टरांना जाऊन मात्र मी काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, पण तोंडच उघडत नाही हो आपलं.

आता परवा नणंदेचा फोन, येताना फार्मसीतून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आण, चवथीला (गणेश चतुर्थीला) बरोब्बर येतेय, माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची सजावट) कोण बांधणार नाहीतर. आमच्याकडे चवथ आली, जत्रा आली की ह्या गोळ्या चिठ्ठीशिवाय अशाच येतात, दिवसाला तीन तीन. ही तीच नणंद जी तांबीच्या वेळी मला म्हणाली होती "कशाला शरीराशी खेळ". मॅडमनी सांगितलं होतं की त्या गोळीचा पण थोडा भाग अंगात जाऊन इस्ट्रोजेनच होतो, विचारल्याशिवाय घ्यायची नाही. मी म्हटलं आणते, पण आधी सांग, डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर तुला काही दिसतं का?

"म्हणजे काय दिसणार?" म्हणाली, आणि मग जरा थांबून, "ती चमचम का?"