आठ नंबरचा दिवा

"सर्व्हरवरची फाईल उघडायला माझ्याच मशीनला एवढा वेळ का लागतो हो?" अकाउंट्सच्या मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. आधी दोनदा 'कॉम्प्युटर जुना झालाय' म्हणून आम्ही मोकळे झालो होतो. आता मशीन कोरं होतं आणि तक्रार तीच.

या वेळी ड्रायव्हर, अँटिव्हायरस कशालाच हात न लावता आधी लिंकचा स्पीड, म्हणजे मशीन नेटवर्कला किती वेगाने जोडलंय ते बघितलं. 100 एमबीपीएस. शेजारच्या टेबलावर 1 जीबीपीएस. म्हणजे 4 जीबीची जी बॅकअप फाईल शेजारी पाऊण मिनिटात यायची, तिला इथे सहा मिनिटं लागत होती.

नेट चालू होतं, पिंग (जोडणी तपासायचा छोटा संदेश) व्यवस्थित जात होता, म्हणून केबलचा संशय कुणालाच आला नाही. केबल खराब झाली की नेट बंदच पडणार, असं आपण धरून चालतो. पण 100 च्या स्पीडला केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या पुरतात, 1, 2, 3 आणि 6 नंबरच्या पिनवरच्या. गिगाबिटला, म्हणजे 1 जीबीपीएसला, चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार जरी गेली, तरी बरीच नेटवर्क कार्डं काही न बोलता खालच्या स्पीडवर उतरतात.

रॅकमधली पॅच कॉर्ड (छोटी जोडकेबल) बदलली, सगळ्या केबली जिथे येऊन जुळतात त्या स्विचचा पोर्ट बदलला. तरी 100 च.

मग टेबलाखाली शिरलो. भिंतीच्या सॉकेटपासून आलेली केबल खुर्चीच्या चाकाच्या वाटेत होती आणि एका जागी पार चपटी झाली होती. केबल टेस्टर लावला, त्यात आठ तारांचा एकेक दिवा असतो. एक ते सात दिवे ओळीने लागले, आठवा लागेना. चपट्या जागी केबल जरा वाकवली की लागायचा, सोडली की विझायचा. तिथलं आवरण सोललं. तपकिरी तारेचं प्लॅस्टिक शाबूत होतं, आतलं तांबं तुटलेलं.

"म्हणजे मशीन बदलायची गरजच नव्हती?"

"नव्हती, मॅडम. चूक आमची."

नवी केबल भिंतीच्या कडेने पट्टीतून नेली. स्पीड लगेच 1 जीबीपीएसवर आला.

संध्याकाळी स्विचवर सगळ्या पोर्टचा स्पीड तपासला. आणखी दोन 100 वर सापडले. एक जुना प्रिंटर, त्याची ताकदच तेवढी. दुसरं टेबल अशा सहकाऱ्याचं होतं, ज्याने कधी तक्रारच केली नव्हती.