ॲटनबरो जोडीने: इथवरच्या नोंदी

रिचर्ड ॲटनबरो आपल्याकडे ‘गांधी’चा दिग्दर्शक म्हणून माहीत आहे, आणि त्यानंतर ‘जुरासिक पार्क’मधला पांढऱ्या दाढीचा आजोबा म्हणून. ‘गांधी’ आला तेव्हा पडद्यावर त्याची चाळीस वर्षं होऊन गेली होती. मी सध्या त्याचं काम जोड्या लावून बघतोय. एक चित्रपट नट म्हणून केलेला, एक दिग्दर्शक म्हणून केलेला, लागोपाठच्या दोन रात्री. वहीत डावं पान नटाचं, उजवं दिग्दर्शकाचं. जोड्या सालावरून लावत नाही. जागा जुळली, विषय जुळला किंवा नुसता एखादा चेहरा जुळला तरी चालतं. निम्म्याच्या वर मजल मारली आहे, म्हणून नोंदी एकत्र करून ठेवतो.

मे अखेर: सुरुवात

पहिला चित्रपट जोडीविना पाहिला. ‘इन व्हिच वी सर्व्ह’ (१९४२), नोएल कॉवर्ड आणि डेव्हिड लीनचा युद्धपट. जेमतेम अठरा वर्षांचा ॲटनबरो त्यात युद्धनौकेच्या बॉयलरवर काम करणारा पोरगा आहे. हल्ल्यात त्याचा धीर सुटतो आणि तो आपली जागा सोडून पळतो. श्रेयनामावलीत त्याचं नावसुद्धा नाही. पण तो चेहरा बघा! ओठ थरथरताहेत, डोळे बाहेर आलेत, आणि आपण काय करून बसलो हे त्याला पळतानाच कळलंय. या भूमिकेने त्याच्यावर शिक्का बसला. पुढे बरीच वर्षं त्याच्या वाट्याला भेदरट पोरं आणि गल्लीतले भुरटे गुन्हेगार आले.

वहीच्या पहिल्याच पानावर मी लिहून ठेवलं: ‘भीती. याच्यावर लक्ष ठेवायचं.’ तेव्हापासून तोच धागा धरून चाललोय. भेदरलेली माणसं इतकी खरी उभी करणारा हा नट दिग्दर्शक झाल्यावर वारंवार न घाबरणाऱ्या माणसांकडे वळतो, आणि त्यांनाही भीती वाटते हे तो लपवत नाही. माझ्या मते त्याच्या दिग्दर्शनाची खरी ताकद इथे आहे. लाखांच्या गर्दीचं कौतुक सगळेच करतात.

युद्धात तो हवाई दलाच्या फिल्म युनिटमध्ये होता. तिथल्या प्रशिक्षणात त्याच्या कानांना झालेली इजा जन्मभर राहिली, आणि पुढे बॉम्बफेकी विमानाच्या शेपटाकडच्या जागेत बसून त्याने चित्रीकरण केलं.

जून: ब्रायटनचे दोन धक्के

नट: ‘ब्रायटन रॉक’ (१९४७). दिग्दर्शक: ‘ओ! व्हॉट अ लव्हली वॉर’ (१९६९).

ही जोडी जागेमुळे जमली. दोन्ही चित्रपट ब्रायटनच्या किनाऱ्यावर, समुद्रात लांबवर गेलेल्या करमणुकीच्या धक्क्यांवर घडतात. पहिल्यात पॅलेस पिअर, दुसऱ्यात वेस्ट पिअर. वेस्ट पिअर १९७५ मध्ये बंद झाला आणि २००३ मध्ये आगीत गेला. म्हणजे तो पूर्ण डौलात बघायचा तर आता असे चित्रपटच उरले.

‘ब्रायटन रॉक’मधला पिंकी हा सतरा वर्षांचा टोळीप्रमुख. ग्रॅहम ग्रीनच्या कादंबरीतलं हे पात्र ॲटनबरोने आधी रंगभूमीवर केलं होतं. पिंकी ओरडत नाही, पापणी हलवत नाही, बोटांत सुतळीचे पेच घालत बसतो. एका दृश्यात त्याच्यावर जीव लावणारी रोझ त्याला ध्वनिमुद्रणाच्या पेटीत जाऊन तिच्यासाठी चार शब्द बोलायला सांगते. ती काचेबाहेरून कौतुकाने बघतेय, तिला ऐकू काहीच येत नाही, आणि हा आत तबकडीवर तिच्याविषयीचा सगळा तिरस्कार ओततोय. मी हा तुकडा आवाज बंद करून पुन्हा पाहिला. नुसत्या चेहऱ्यावरून तो प्रेमाचं बोलतोय असं वाटू शकतं. तेवीस-चोविशीतल्या नटाची ही समज थक्क करते.

‘लव्हली वॉर’ हा त्याचा पहिला दिग्दर्शित चित्रपट. जोन लिटलवूडच्या थिएटर वर्कशॉपने गाजवलेल्या संगीतिकेवरून केलेला. पहिलं महायुद्ध धक्क्यावरचा खेळ म्हणून मांडलंय: तिकीट काढा, आत या, सैन्यात भरती व्हा. मेलेल्यांचे आकडे क्रिकेटच्या धावांसारखे फलकावर चढतात. पडद्यावर रक्त नाही. कुणी मरणार असेल तर त्याच्या हातात लाल पॉपीचं फूल येतं. शेवटी हिरव्या टेकडीवर बायका-मुलं बसलीत, कॅमेरा वर वर जात राहतो आणि पांढऱ्या क्रुसांच्या रांगा संपतच नाहीत. पहिल्याच प्रयत्नात असा शेवट जमवणं सोपं नाही. मधला भाग लांबतो, गाणी काही ठिकाणी रेंगाळतात, पण तरी चुकवू नका.

जुलै: वाळीत टाकलेला माणूस

नट: ‘द अँग्री सायलेन्स’ (१९६०). दिग्दर्शक: ‘क्राय फ्रीडम’ (१९८७).

ठरावीक भूमिकांना कंटाळून ॲटनबरोने ब्रायन फोर्ब्सबरोबर बीव्हर फिल्म्स ही संस्था काढली. ‘द अँग्री सायलेन्स’ हे तिचं पहिलं काम. पैसा तुटपुंजा, नटांनी मानधन कमी घेतलेलं. कारखान्यातला एक साधा कामगार अनधिकृत संपात उतरायला नकार देतो, आणि सोबतचे त्याच्याशी बोलणं टाकतात. कँटीनमध्ये तो ताट घेऊन बसतो तर आजूबाजूचे उठून जातात. कामगार चळवळीला चित्रपटाने न्याय दिला का, यावर वाद होऊ शकतो, आणि आपल्याकडे गिरणी संप पाहिलेल्या घरांत तो जास्तच होईल. पण एकट्या पडलेल्या माणसाची घुसमट ॲटनबरोने खांद्यांतून दाखवली आहे. दर दृश्यागणिक खांदे थोडे आत येत जातात.

‘क्राय फ्रीडम’मध्ये वर्णभेदाविरुद्ध लढणारा कृष्णवर्णीय कार्यकर्ता स्टीव्ह बिको आहे, डेन्झेल वॉशिंग्टनने केलेला. दक्षिण आफ्रिकेत चित्रीकरण शक्यच नव्हतं, म्हणून ते झिंबाब्वेत झालं. बिकोचा कोठडीतल्या छळाने मृत्यू होतो आणि उरलेला चित्रपट डोनाल्ड वूड्स या गोऱ्या संपादकाच्या पलायनाचा होतो. इथे माझी त्याच्यावर नाराजी आहे. बिको पडद्यावर असतो तेव्हा डोळे हटत नाहीत, तो गेला की नेहमीचा थरारपट सुरू होतो. अखेरीस कोठडीत मेलेल्यांची नावं आणि सरकारने नोंदवलेली कारणं ओळीने येतात. ती यादी मात्र सबंध वाचावी.

ऑगस्ट: जोडी न मिळालेला

‘टेन रिलिंग्टन प्लेस’ (१९७१), दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशर.

खरी घटना. लंडनमधला जॉन ख्रिस्टी हा खुनी, आणि त्याच घरातला दुसरा भाडेकरू टिमोथी इव्हान्स. इव्हान्सला स्वतःच्या मुलीच्या खुनासाठी १९५० मध्ये फाशी झाली. १९५३ मध्ये ख्रिस्टीच्या घरात प्रेतं सापडली. १९६६ मध्ये इव्हान्सला मरणोत्तर माफी मिळाली. चित्रीकरण त्याच गल्लीत झालं. दहा नंबरच्या घरातले रहिवासी हलायला तयार नव्हते, म्हणून आतली दृश्यं सात नंबरात घेतली.

ॲटनबरोने टक्कल केलंय, जाड चष्मा लावलाय आणि आवाज कुजबुजण्याइतका खाली आणलाय. चहा विचारतो तेव्हाही तो इतका मऊ बोलतो की अंगावर काटा येतो. मृत्युदंडाविरुद्धचं हे मोठं विधान आहे, या भावनेने त्याने भूमिका लगेच स्वीकारली होती. जॉन हर्टचा इव्हान्स गोंधळलेला, अर्धवट शिकलेला, स्वतःच्या थापांत अडकणारा. दोघांची दृश्यं बघताना समजतं की भीती दाखवणारा नट भीती घालणाराही तितक्याच सहज होऊ शकतो. याला जोड काय लावावी ते सुचत नाही. ‘मॅजिक’ (१९७८) लावून पाहिला, अँथनी हॉपकिन्सचा शब्दभ्रमकार आणि त्याचा बाहुला. वजन अजिबात जुळलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर सांगा.

गणपतीनंतर: भारताची जोडी

नट: ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७). दिग्दर्शक: ‘गांधी’ (१९८२).

सत्यजित राय यांच्या चित्रपटात ॲटनबरो जनरल आउट्रम आहे, अवधचं राज्य खालसा करायला बसलेला. टॉम आल्टर त्याचा उर्दू जाणणारा मदतनीस, कॅप्टन वेस्टन. आउट्रम टेबलाशी बसून नबाबाच्या दिनक्रमाचा अहवाल वाचतो आणि एकेक प्रश्न टाकतो. नमाज किती वेळा? पतंग कुठे उडवतो? कविता करतो म्हणतात, एखादी म्हणून दाखव. वेस्टन उर्दूत म्हणतो, मग इंग्रजीत सांगतो, आणि आउट्रमच्या तोंडावर न कळल्याची आणि न आवडल्याची छटा येते. पण हाच आउट्रम पुढे कबूल करतो की तहाची बाजू लंगडी आहे. हुकूम खटकतोय आणि तरी तो पाळणार. या माणसाला नुसता खलनायक करणं सोपं होतं. राय यांनी ते केलं नाही आणि ॲटनबरोनेही नाही.

दुसऱ्या रात्री ‘गांधी’. मोतीलाल कोठारी या लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयात काम करणाऱ्या गृहस्थांनी १९६२ मध्ये ॲटनबरोला फोन केला आणि लुई फिशरचं चरित्र वाचायला लावलं. तिथून चित्रपट येईपर्यंत वीस वर्षं गेली. नेहरूंना तो भेटला, नेहरू गेले. कोठारीही १९७० मध्ये गेले. पैसे जमेनात. शेवटी भारताच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने मोठा वाटा उचलला. ‘द माउसट्रॅप’ हे ॲगाथा ख्रिस्तीचं नाटक १९५२ मध्ये आलं तेव्हा त्यात ॲटनबरो आणि त्याची बायको शीला सिम दोघं होती, आणि आपल्या पगारातून पैसे भरून त्यांनी नफ्यात दहा टक्के हिस्सा घेतला होता. ते नाटक लंडनमध्ये दशकानुदशकं चाललं. त्या हिश्शातलं जे उरलं होतं ते त्याने ‘गांधी’ तगवण्यासाठी विकलं.

अंत्ययात्रेचं दृश्य ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीत घेतलं, गांधीजींच्या अंत्ययात्रेच्या ३३व्या वार्षिक दिनी. सुमारे तीन लाख माणसं, अकरा कॅमेरे, आणि पडद्यावर उरली जेमतेम दोन मिनिटं. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला पास, म्हणजे तिथल्या हिंदी लोकांवर लादलेली ओळखपत्रं, जाळण्याचं दृश्य मोठं वाटतं. दक्षिण आफ्रिकेत बेन किंग्जलीचा तरुण बॅरिस्टर कढईतल्या आगीत पास टाकतोय. पोलीस हातावर दंडुका मारतो. तो खाली पडतो. थरथरता हात पुन्हा पास उचलतो आणि आगीकडे नेतो. पुन्हा दंडुका. तो हात शूराचा नाही, घाबरलेल्या माणसाचा आहे, आणि तरी तो पुढे जातो. मला तिथे १९४२ चा बॉयलरवरचा पोरगा आठवला. मागे फिरून तो तुकडा परत पाहिला, वहीत दोन्ही पानांना जोडणारी रेघ ओढली.

आपल्या माणसांसाठीही हा चित्रपट पुन्हा बघा. रोहिणी हट्टंगडींच्या कस्तुरबा संडास साफ करायला नकार देतात, नवरा दंडाला धरून दाराबाहेर काढू लागतो, आणि त्या त्याला विचारतात की मी तुझी बायको, जाऊ कुठे. क्षणात त्याचा राग गळून पडतो. या भूमिकेसाठी त्यांना बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला. डॉ. श्रीराम लागूंचे गोखले थोड्याच वेळात दिसतात, पण गुरूचं वजन पुरतं आणतात. मूळच्या कोल्हापूरच्या भानू अथैय्यांना जॉन मोलोबरोबर वेशभूषेचं ऑस्कर मिळालं, आणि कोटापासून पंचापर्यंतचा प्रवास बघताना ते का मिळालं हे उमगतं. २०१२ मध्ये त्यांनी तो पुतळा सांभाळण्यासाठी अकादमीकडे परत दिला. एकूण आठ ऑस्कर.

आणि तरी या चित्रपटात डॉ. आंबेडकर नाहीत. तीन तासांच्या चित्रपटात पुणे करार नाही, येरवड्याचं ते उपोषण नाही. गोलमेज परिषदेला गांधीजी जातात, पण त्यांच्यासमोर तिथे कोण उभं होतं ते दिसत नाही. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला ही जागा रिकामी दिसणारच, आणि वेळ पुरला नाही हे उत्तर मला पटत नाही. जब्बार पटेलांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ शेजारी ठेवूनच ‘गांधी’ बघावा, असं मी आता ठरवलं आहे. त्यात मोहन गोखलेंनी गांधीजी केलेत. ही खरं तर तिसरी रात्र.

दिवाळीच्या आगेमागे: एकच साल, एकच मुलगा

नट: ‘जुरासिक पार्क’ (१९९३). दिग्दर्शक: ‘शॅडोलँड्स’ (१९९३).

अभिनयातून तो बरीच वर्षं बाहेर होता. स्पीलबर्गने त्याला परत आणलं. हिंदीत डब झालेला हा चित्रपट आपल्यातल्या पुष्कळांनी लहानपणी पाहिलाय, डायनोसॉरांसाठी. या वेळी मी फक्त आइस्क्रीमच्या दृश्यासाठी बसलो. बाग हातातून गेली आहे, आणि जॉन हॅमंड रिकाम्या भोजनगृहात एकटा वितळणारं आइस्क्रीम खात आपल्या पहिल्या धंद्याची, पिसवांच्या सर्कशीची गोष्ट सांगतोय. पिसवा नव्हत्याच, यंत्र होतं, पण मुलांना त्या दिसायच्या. इतक्या गोंगाटाच्या चित्रपटात हा एक माणूस हळू आवाजात आपला पराभव सांगतो.

त्याच्या नातवाचं काम करणारा जोसेफ मॅझेलो त्याच वर्षी ‘शॅडोलँड्स’मध्ये डग्लस झाला. ऑक्सफर्डचा लेखक सी. एस. लुईस (हॉपकिन्स) उतारवयात प्रेमात पडतो, लग्न करतो आणि बायको कर्करोगाने जाते. ती गेल्यावर लुईस आणि तिचा मुलगा माळ्यावर जुन्या कपाटाजवळ बसतात. दुःखावर आयुष्यभर व्याख्यानं दिलेल्या माणसाला आता वाक्य सुचत नाही. मुलगा विचारतो, लुईस उत्तर देऊ लागतो, आणि दोघं रडतात. कॅमेरा जागचा हलत नाही. गर्दीचा दिग्दर्शक म्हणून ज्याला ओळखतात त्याचं हे सर्वांत चांगलं काम, असं माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय.

पुढे काय

‘चॅप्लिन’ (१९९२) ला जोड म्हणून ‘सियान्स ऑन अ वेट आफ्टरनून’ (१९६४) लावणार. त्यात तो खोटं नाक लावून बायकोच्या वेडाला सामील होणारा दुबळा नवरा आहे, आणि मुखवट्यामागचा माणूस हा दोन्हींतला समान विषय. ‘अ ब्रिज टू फार’ (१९७७) समोर ‘द ग्रेट एस्केप’ (१९६३) ठेवणार, सुट्टीच्या दिवशी, कारण दोन्ही अडीच तासांच्या वर जातात. ‘ग्रे आउल’ आणि २००७ चा शेवटचा ‘क्लोजिंग द रिंग’ एकत्रच उरकेन. ‘सियान्स’ची काळ्या-पांढऱ्या रंगांतली नीट प्रत मिळाली आहे. आवाज बारीक आहे, हेडफोन लावूनच बघावा लागेल.