तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रिकोपाशी मी का बसते

घरी खरी बैलजोडी असताना पडद्यावरच्या जनावरात जीव का गुंतवता, हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, शाळेतली मुले विचारतात, आणि आमच्याकडे निंदणाला येणाऱ्या मावशींनी तर तो "ताई, कोठ्यात खरे ढोरं हायेत अन् तुम्ही त्या खोट्या जनावरापाशी कायले बसता?" अशा सरळ शब्दांत विचारला. ज्या व्हिडिओ खेळाविषयी हे विचारले जाते त्याचे नाव 'द लास्ट गार्डियन'. फुमितो उएदा या जपानी दिग्दर्शकाचा हा खेळ २००९ मध्ये प्लेस्टेशन ३ या सोनीच्या खेळयंत्रासाठी जाहीर झाला आणि अनेक वर्षे रखडून अखेर डिसेंबर २०१६ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आला. एक लहान मुलगा आणि ट्रिको नावाचे एक अवाढव्य, पिसांनी मढलेले जनावर, ज्याच्यात थोडे मांजर, थोडे कुत्रे आणि थोडा पक्षी आहे, असे दोघे एका पडक्या, उंच बुरुजांच्या जागेतून बाहेर पडण्याची वाट शोधतात, एवढीच त्याची गोष्ट आहे.

माझे उत्तर असे की, जनावर म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या माणसांनी केलेले खेळ फार थोडे आहेत, आणि हा त्यांपैकी एक आहे. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात शेतकऱ्याच्या घरात वाढले. हा गवळाऊ जातीच्या बैलांचा पट्टा. अंगाने पांढरी, पायाने चपळ आणि स्वभावाने सावध अशी ही जनावरे माझ्या लहानपणापासून डोळ्यांसमोर आहेत. त्यामुळे पडद्यावर कोणी जनावर दाखवले की ते खरे वागते की नुसते हलते, हे मी आपोआप पाहू लागते.

खेळाच्या सुरुवातीला मुलगा शुद्धीवर येतो तेव्हा ट्रिको शेजारी साखळीने बांधलेला असतो आणि त्याच्या अंगात भाले रुतलेले असतात. मुलगा भाला उपसतो, तर ते जनावर वेदनेने उसळून त्यालाच उडवते आणि मुलगा पुन्हा बेशुद्ध पडतो. भल्यासाठी केलेल्या गोष्टीबद्दल लगेच आभार मिळत नाहीत, हे पहिल्याच प्रसंगात ठरून जाते. त्यानंतर मुलगा खाण्याचे पिंप शोधून आणतो आणि त्याच्यासमोर ठेवतो, पण जोवर मुलगा जवळ उभा आहे तोवर ट्रिको तोंड लावत नाही. आपण मागे सरायचे, दूर जाऊन थांबायचे, मग तो हुंगतो आणि खातो. बाजारातून आणलेला नवा गोऱ्हा आमच्या कोठ्यात पहिल्या दिवशी असाच वागला होता. गव्हाणीत तुरीचे कुटार होते, वर सरकीची ढेप कालवून घातली होती, तरी बाबा समोर असेपर्यंत त्याने मान खाली केली नाही. बाबा काही न बोलता उंबऱ्यावर पाठ करून बसले आणि बराच वेळ तसेच बसून राहिले, तेव्हा मागून ढेप चावण्याचा आवाज आला. खेळातला हा खाण्याचा प्रसंग मी खेळत असताना बाबांनी मागून पाहिला आणि म्हणाले, "त्याले पुरतं खाऊ दे, मंगच हात लाव." त्यांना खेळ समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

या खेळावर सगळ्यात मोठा आक्षेप असा घेतला गेला की ट्रिको ऐकत नाही. आधी तर मुलाला त्याला हुकूमच देता येत नाही. पुढे ते जमू लागते, म्हणजे बटण दाबून वर उडी मार, पुढे चल असे सांगता येते, पण सांगितल्यावर तो कधी इकडेतिकडे पाहतो, कधी कान खाजवतो, कधी भलतीकडेच जातो, आणि काही वेळाने, त्याच्या मनात आले की, उडी मारतो. अनेक समीक्षकांनी हा दोष मानला. मला मात्र हाच खेळाचा प्राण वाटतो, आणि माझे सर्वांत मोठे मतभेद याच मुद्द्यावर होतात. ज्या खेळांत शीळ घातली की घोडा कोठूनही हजर होतो, त्यांत घोडा म्हणजे केवळ एक वाहन असते. उएदांनी २००५ च्या 'शॅडो ऑफ द कोलोसस' मध्येही अ‍ॅग्रो नावाचा घोडा असाच केला होता. लगाम खेचताच तो वळेल असे नाही, आणि कड्याच्या काठाने धावताना तो आपला आपण सावरतो. ट्रिकोत ती कल्पना पूर्णपणे फुलली आहे. त्याचा विश्वास किती वाढला हे दाखवणारी पट्टी किंवा आकडा पडद्यावर कोठेही नाही. तो हाकेला किती लवकर मान वळवतो, आपण पुढे गेलो तर मागून येतो की तेथेच ओरडत बसतो, यावरूनच ते ओळखावे लागते.

त्याहून बारीक गोष्ट काचेच्या डोळ्यांची आहे. त्या वास्तूत जागोजागी रंगीत काचेची डोळ्याच्या आकाराची चिन्हे आहेत, आणि ती दिसली की एवढे मोठे जनावर जागच्या जागी थिजते. कितीही हाका मारा, तो पाऊल टाकत नाही. मुलानेच जाऊन ते चिन्ह मोडले किंवा खाली पाडले, म्हणजे मग तो पुढे येतो. आमचा हाच गोऱ्हा जुन्या बैलाच्या जोडीला जुवाखाली घालून वखरावर धरला होता, तेव्हा धुऱ्यावरच्या बोराटीत अडकून फडफडणाऱ्या पन्नीपाशी तो अडून बसला. जुना बैल ओढत होता, हा चारही पाय रोवून उभा होता, नाकपुड्या फुललेल्या, डोळ्यांचे पांढरे दिसत होते. शेजारच्या वावरातून कोणी तरी तुतारी, म्हणजे बैलाला टोचायची काठी, लावा म्हणून ओरडले. बाबांनी कासरा माझ्या हातात दिला, चालत जाऊन पन्नी काढली, खिशात कोंबली आणि परत आले. त्यानंतरही गोऱ्हा लगेच हलला नाही. त्या बोराटीकडे पाहत थोडा वेळ उभा राहिला आणि मग स्वतःच निघाला. जनावराची भीती आपल्याला क्षुल्लक वाटते म्हणून ती त्याच्यासाठी क्षुल्लक होत नाही, हे खेळ करणाऱ्यांनी नेमके ओळखले आहे.

झुंजीनंतरचे प्रसंगही मला तितकेच खरे वाटतात. चिलखती पुतळे मुलाला पकडून न्यायला येतात, ट्रिको त्यांचा चुराडा करतो, पण सगळे संपल्यावरही तो शांत होत नाही. अंग ताठ, पाय आपटणे चालूच. मुलाने अंगावर चढून, भाले उपसून, मानेवरून आणि पाठीवरून हात फिरवत राहायचे, तेव्हा कोठे त्याचा श्वास खाली बसतो. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेला खांदा कोमट पाण्याने शेकतात, तूप-हळद चोळतात आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" असे बैलाला सांगतात. ज्याने तो खांदा चोळला आहे, त्या हाताखाली कातडी कशी थरथरते आणि मग कशी सैल पडते हे ज्याला माहीत आहे, त्याला ट्रिकोची मान चोळण्याचे बटण वायफळ वाटणार नाही.

दोष आहेतच. अरुंद जागेत कॅमेरा भिंतीत किंवा पिसांत शिरतो आणि काहीच दिसत नाही, मुलाची चाल अडखळती आहे, आणि जुन्या यंत्रावर मोठ्या प्रसंगांत चित्र जड होऊन रेंगाळते. या गोष्टींची पाठराखण मी करत नाही. जनावराने न ऐकणे वेगळे आणि कॅमेऱ्याने न ऐकणे वेगळे.

खऱ्या जनावराची जागा ट्रिको घेतो का, असेही विचारतात. घेत नाही, आणि मी ती त्याला कधी दिलीही नाही. त्याला खुरकूत होत नाही, उन्हाळ्यात कुटार संपत नाही, म्हातारपणी त्याचे काय करायचे हा प्रश्न उभा राहत नाही. पण आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, लहान मुले लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेतात. नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केल्याचे सांगितले जाते. त्या मुलांना, घरी खरा बैल असताना लाकडाचा कशाला ओढता, असे कोणीही विचारत नाही, कारण लाकडाच्या बैलाला हार घालताना ते खऱ्या बैलाविषयीच काही शिकत असतात हे सगळ्यांना ठाऊक असते. आता तर गावात ट्रॅक्टर वाढले आहेत, आणि माझ्या भाच्यांच्या वयाच्या कितीतरी मुलांनी कासरा हातात धरलेलाच नाही. त्यांनी हा खेळ खेळावा असे मला मनापासून वाटते.

खेळणार असाल तर एक करा. ट्रिको जागचा हलला नाही म्हणून तेच बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. एकदा सांगा, त्याच्या तोंडाकडे पाहा, त्याला कशाची धास्ती आहे का ते शोधा, आणि थांबा. भाच्याला मी एवढेच सांगितले आणि त्याचे अडलेले काम पुढे गेले. कोणाला आमच्याकडे येऊन खेळून पाहायचे असेल तर जरूर यावे, फक्त संध्याकाळी चारापाणी आटोपल्यावर यावे, कारण त्याआधी मी कोठ्यात असते.